उरक

मार्चमध्ये आमच्या कारखान्यातल्या शॉपला नवीन बोर्ड लागला. पांढरा, अर्धी भिंत व्यापणारा, मार्करने रकाने आखलेले, तारीख, शिफ्ट, प्लॅन, प्रॉडक्शन, रिजेक्शन आणि एकदम शेवटी थ्रूपुट. रकाने मीच आखले होते, कारण मी पीपीसीला आहे, म्हणजे कुठला जॉब कुठल्या मशीनवर कधी चढवायचा हे ठरवणाऱ्या डिपार्टमेंटला. दुसऱ्याच दिवशी फर्स्ट शिफ्टचा एक ऑपरेटर, सिन्नरहून बाईकवर अपडाउन करतो, चहाच्या वेळेला बोर्डासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, प्रॉडक्शन कळलं. थ्रूपुट म्हणजे मराठीत काय?" मी पटकन बोलून गेले, "उत्पादनच." तर तो म्हणाला, "मग दोन रकाने कशाला?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे कामापुरतं उत्तर होतं, इतकी वर्षं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काढल्यावर एवढं तरी येतंच, पण त्याला त्याच्या भाषेत सांगता येईल असं नव्हतं. घरी येताना गाडीवर तेच डोक्यात. उत्पादन म्हणावं तर मशीनमधून निघालेला प्रत्येक पीस उत्पादनच झाला, मग तो पुढे चार दिवस ट्रॉलीत पडून का राहीना. क्षमता म्हणावं तर क्षमता म्हणजे किती होऊ शकतं ते, आणि थ्रूपुट म्हणजे प्रत्यक्षात किती पार पडलं ते. वेग म्हणावं तर एक पीस झरकन झाला म्हणून दिवसाला जास्त पीस बाहेर पडतात असंही नाही.

खरं तर नाशिकच्या माणसाला हा फरक समजावून सांगायची गरजच नाही, पावसाळ्यात तो रोज पेपरात हेच वाचतो. गंगापूर धरण किती टक्के भरलं हा एक आकडा आणि विसर्ग किती क्युसेक सोडला हा दुसरा, आणि या दोन्हींची गल्लत इथला शाळेतला पोरगासुद्धा करत नाही. धरणाची क्षमता 5,630 दशलक्ष घनफूट, हा झाला साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर, हा झाला प्रवाह, किती पाणी किती वेळात पार गेलं त्याचा हिशोब. 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास सोडलं की बरोबर एक टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, जातं. मग होळकर पुलाखालून किती वाहतंय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला की छातीला, हे बघायला आपण गोदाकाठी गर्दी करतो. पुढे ते नांदूरमधमेश्वरला जातं आणि तिथून जायकवाडीला. धरणात किती आलं आणि पुलाखालून किती गेलं, झाले दोन रकाने! दुसऱ्या दिवशी मी त्या ऑपरेटरला हेच सांगितलं, त्याला पटलंही, पण तो म्हणाला, "मग विसर्ग लिहू का?" आणि मला ते जमेना. विसर्ग सोडावा लागतो, कुणीतरी दार उघडतं. आमच्या शॉपमध्ये सोडायला काही नव्हतं, काढायचं होतं.

तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं ते सांगते, कारण हा शब्द मला शिकवला त्या दोन महिन्यांनी, पुस्तकांनी नाही.

आम्ही ॲल्युमिनियमचं एक हाऊसिंग, म्हणजे पार्टचं बाहेरचं कवच, करतो, तळहातावर मावेल एवढं. कास्टिंग येतं, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, मशीनिंग होतं, मग डीबरिंग, म्हणजे कापलेल्या कडांना जी बारीक धारदार लव राहते ती हाताने काढायची, मग वॉशिंग, मग लीक टेस्ट, मग फायनल आणि पॅकिंग. लीक टेस्टला पीस फिक्स्चरमध्ये बसवायचा, क्लॅम्प करायचा, आत हवा भरायची, प्रेशर स्थिर होऊ द्यायचं आणि गळतंय का बघायचं. याला 70 सेकंद लागतात आणि ते कमी होत नाहीत, तुम्ही कितीही ओरडा, हवा तिच्या वेळेनेच स्थिर होते. शिफ्टमध्ये चहा जेवण सोडून सात तास धरले तर 25,200 सेकंद, म्हणजे 360 पीस. बस. व्हीएमसी दोन होत्या आणि दोन्ही मिळून शिफ्टला 520 काढायच्या. म्हणजे दर शिफ्टला 160 पीस लीक टेस्टच्या अलीकडे साचणार, दोन शिफ्टचे 320, सहा दिवसांचे 1,920. निळ्या क्रेटची रांग आधी भिंतीला लागली, मग गँगवेत आली, मग फोर्कलिफ्टला वळायला जागा राहिना.

आणि अशा वेळेस आमच्याकडे काय ठरलं तर तिसरी व्हीएमसी घ्यायची.

मीटिंगमध्ये सगळ्यांना तेच बरोबर वाटत होतं, मलाही, कारण कस्टमरचे फोन येत होते की माल कुठंय आणि माल कमी पडतोय म्हटलं की जास्त माल करायचा हेच कुणाच्याही मनात येतं. मशीन आली, नारळ फुटला, पेढे वाटले. प्रॉडक्शनचा रकाना 520 वरून 780 वर गेला, बोर्ड बघून बरं वाटायचं. आणि गाडीत भरून जाणारा माल शिफ्टला 360. तेवढाच, एक पीस जास्त नाही. मी रात्री दहाला त्या क्रेटच्या रांगेत उभी राहून मोजत होते आणि तेव्हा मला पहिल्यांदा त्या शब्दाचा अर्थ अंगावर आला. आम्ही लाखो रुपये घालून फक्त रांग लांब केली होती.

जॉन लिटल नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकांनी 1961 मध्ये एक साधं सूत्र सिद्ध करून दाखवलं, ते मी कॉलेजात पाठ केलं होतं आणि पेपरात लिहून मार्कही घेतले होते. आत जेवढे आहेत त्यांना दर दिवशी बाहेर पडणाऱ्यांनी भागा, एकाला लागणारा वेळ निघतो. रांगेत 1,920 पीस, दिवसाला दोन शिफ्ट मिळून 720 बाहेर, म्हणजे आज व्हीएमसीवरून उतरलेला पीस नुसत्या लीक टेस्टपर्यंत पोचायला अडीच दिवसांच्या वर. बँकेतली रांग, सिव्हिलच्या ओपीडीची रांग, द्वारका चौकातली रांग, सगळीकडे हाच भागाकार. पण पेपरात लिहिणं वेगळं आणि त्या क्रेटांच्या मधून वाट काढत चालणं वेगळं.

याच्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. डीबरिंगला आमच्याकडे ज्या ताई बसतात त्यांच्यात एक आहेत, पंधरा वर्षं तेच काम, पीस हातात आला की अंगठा कडेवरून असा फिरतो की लव कुठंय ते बघावं लागत नाही, कळतंच. बाकीच्या ताई तासाला पन्नास करतात तर या साठ सहज करतात, गप्पा मारत मारत. तिसरी मशीन आल्यावर डीबरिंगला माल जास्त यायला लागला म्हणून तिथलं टार्गेट वाढवलं, तासाला 75, आणि तो प्लॅन माझ्या सहीने गेला. ताई काही बोलल्या नाहीत. केले 75. पण पंधरवड्यात लीक टेस्टला फेल पीस वाढले, आतल्या ग्रूव्हमध्ये लव राहून जायची आणि सील नीट बसायचं नाही. आणि बघा, फेल पीससुद्धा 70 सेकंद खातो. सगळ्या लाइनमध्ये जिथे सेकंदाला किंमत होती तिथेच आम्ही खराब पीस नेऊन बसवत होतो. थ्रूपुट 360 वरून 330 च्या आसपास आलं. तिसरी मशीन घेऊन, टार्गेट वाढवून, माणसांना पळवून, आम्ही आधीपेक्षा कमी माल पाठवत होतो.

हे सगळं मी आईला सांगत होते, एका रविवारी, गावाला, निफाड तालुक्यात आमचं घर आहे. ती कांद्याच्या पाती चिरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं मग तव्याकडे बघून लाटायचं ना."

मला क्षणभर कळलं नाही. आणि मग एकदम आठवलं.

मी सहावी सातवीत असेन, घरी देवीचा गोंधळ होता, रात्रीला चाळीसेक पानं. पुरणपोळ्या चुलीवर, एकच मोठा तवा. आई भाजायला आणि लाटायला काकू. काकूंचा हात असा चालायचा की बघत राहावं, उंडा घेतला, पिठीत टेकवला, चार लाटण्यांत पोळी. पण एक पोळी भाजायला लाटण्याच्या दुप्पट वेळ. मग लाटलेल्या पोळ्या धुतलेल्या लुगड्यावर पसरत गेल्या, आठ झाल्या, बारा झाल्या, आणि पुरणाची लाटलेली पोळी ठेवून दिली की तिला घाम सुटतो, पिठी ओली होते, कापडाला चिकटते. उचलायला गेलं की फाटली. फाटलेली तव्यावर टाकली की पुरण बाहेर, पुरण बाहेर आलं की करपलं, करपलं की तवा पुसायला थांबा. तिकडे पंगत बसलेली. आईने काकूंना मान खाली घालूनच सांगितलं, "जाऊबाई, तव्याकडे बघून लाटा." आणि चुलत्याला पाठवून शेजारच्यांचा तवा मागवला, अंगणात तीन विटा मांडून दुसरी चूल केली. काकू मोकळ्या वेळात नुसते उंडे भरून ओल्या फडक्याखाली ठेवायला लागल्या, उंडा तासभर राहतो, त्याला काही होत नाही. तेवढ्या रात्रीत पंगत उठली.

आता विचार करते तर तिथे सगळंच होतं. अडतंय कुठे ते बघणं, बाकीच्यांनी त्याच्या तालावर चालणं, अर्धवट माल जिथे टिकतो तिथेच थांबवून ठेवणं, आणि मग अडणारी जागा रुंद करणं. एलियाहू गोल्डरॅट नावाचे इस्रायली गृहस्थ होते, मूळचे फिजिक्सचे, त्यांनी 1980 च्या दशकात कारखान्यांना हेच सांगितलं की पूर्ण लाइनचा ताल सगळ्यात हळू चालणारी जागा ठरवते, बाकी ठिकाणी वाचवलेला वेळ हा भास आहे. जगभर लोक त्यांचं ऐकायला गेले. आमच्या आईला ते करपलेल्या पुरणाच्या वासाने कळलं होतं.

आणि तिच्याबद्दल गावात सगळे एकच शब्द वापरायचे. हाताला उरक आहे. सोयरीक जमवतानासुद्धा तिच्या माहेरच्यांनी हेच सांगितलं होतं म्हणे, पोरीच्या हाताला लई उरक आहे. मला वाटतं थ्रूपुटसाठी मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द कुठला असेल तर हाच. उरक म्हणजे घाई नाही. झपाटा म्हणजेही उरक नाही, झपाट्याने काम सुरू करणारे खूप असतात. उरक म्हणजे काम हातावेगळं होणं, एकामागून एक, न साचता. जेवणं उरकली, लग्न उरकलं, पेरणी उरकली, म्हणजे ते पार पडलं, आता मागे काही राहिलं नाही.

गंमत अशी की इंग्रजी शब्दाची गोष्टही तीच आहे. आज थ्रूपुट म्हटलं की कारखाना किंवा कॉम्प्युटर डोळ्यासमोर येतो, पण स्कॉटलंडच्या बोलीत हा शब्द आधी माणसासाठी होता, अमक्याच्या अंगात काम निपटायची धमक आहे अशा अर्थाने. आरपार आणि घालणं असे दोन शब्द जोडून झालेला, काम आरपार नेणं. पुढे तो कारखान्यासाठी वापरला जाऊ लागला आणि मग तारेतून जाणाऱ्या डेटासाठी. आपला उरक मात्र माणसाच्या हातातच राहिला, आपण मशीनला उरक आहे असं कधी म्हणत नाही.

पण मराठीने एक गोष्ट जास्त केली. त्याच शब्दातून उरकून टाकणं काढलं. हाताला उरक आहे हे कौतुक आणि कसंतरी उरकून टाकलं हा ठपका, आणि दोघांत अंतर किती तर एका क्रियापदाचं. माझ्या ताईंच्या हाताला उरक होता आणि मी त्यांच्याकडून तासाला 75 करून घेऊन उरकून टाकायला लावलं. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी खाली जाऊन त्यांची माफी मागितली, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या, "तुम्ही कागदावर लिहिलं मॅडम, आम्ही केलं." एवढंच. ते वाक्य अजून जात नाही.

नेटवर्कवाल्यांकडेही हा फरक आहे हे मला भावाकडून कळलं, तो त्याच क्षेत्रात आहे. शंभर एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे रस्ता किती रुंद ते, त्यातही ते बिट असतात, आठने भागले की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळतात. जे खरंच पार होतं ते थ्रूपुट. आणि त्यातूनही हरवून पुन्हा पाठवलेलं, पाकिटावरचा पत्ता वगैरे सगळं वजा करून कामाचं जे हाती येतं त्याला ते गुडपुट म्हणतात. म्हणजे उरक आणि उरकून टाकणं यांच्यात त्यांनाही भिंत घालावीच लागली.

आमच्या मामांना यातलं काही सांगावं लागत नाही. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरला की लोक म्हणतात यंदा पिकलं चांगलं, मामा म्हणतात विकल्यावर बोलू. चाळीत चार पाच महिने कांदा ठेवायचा म्हणजे वजन घटणार, खालचा सडणार, कोंब येणार. आणि लासलगावला नेला तरी लिलाव एका ट्रॉलीचा मिनिट दोन मिनिटांत होऊन जातो, व्यापारी ट्रॉलीवर हात घालून कांदा बघतात, बोली, पुढची ट्रॉली. खरा दिवस पुढे जातो. भुईकाट्यावर रांग, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली करायला रांग, मग रिकाम्या ट्रॉलीचं वजन करायला परत काटा. मामा सकाळी सातला निघतात आणि हिशोबपट्टी हातात पडून घरी यायला कधी कधी रात्र होते. बाजारात आवक किती झाली ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. खळ्यावरच्या रांगेचं कुणी छापत नाही, आणि शेतकऱ्याचा दिवस तिथेच खर्च होतो, भर उन्हात, ट्रॅक्टरच्या सावलीत बसून.

आणि नाशिकमध्ये राहून हा शब्द घेतला की सिंहस्थाचं नाव काढल्याशिवाय राहवत नाही. 27 ऑगस्ट 2003, शाही स्नानाचा दिवस, रामकुंडाकडच्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसं गेली. माणसांच्या गर्दीलासुद्धा थ्रूपुट असतं, इंग्लंडमध्ये स्टेडियमच्या सुरक्षेसाठी जो हिशोब धरतात त्यात सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82 माणसं एवढंच. तीन मीटरची गल्ली असेल तर 246. मागून हजारो जण येत असतील तरी 246. आणि गर्दी दाटली की हा आकडा वाढत नाही, कमी होतो, माणसाला पाऊल टाकायलाच जागा राहत नाही. क्रेट साचले तर आपण गँगवेत ठेवतो. माणसं साचतात तेव्हा ती एकमेकांवर साचतात. 2027 साठी रस्ते रुंद होतायत, घाट वाढतायत, किती कोटी भाविक येणार याचे आकडे रोज येतात. मी दर वेळेला शोधते तो आकडा वेगळा असतो, सगळ्यात अरुंद जागेतून मिनिटाला किती जण सुखरूप जाणार. गोदाघाटाकडे बघून गर्दी सोडणारं कुणीतरी मागे रामवाडीला, मालेगाव स्टँडला, तपोवनाला उभं असलं पाहिजे, आणि त्याच्या हातात थांबवायचा अधिकार असला पाहिजे.

आमच्याकडे मग मे महिन्यात लीक टेस्टचं दुसरं फिक्स्चर आलं, तिसऱ्या व्हीएमसीच्या तुलनेत किरकोळ खर्चात. शिफ्टला 720 ची सोय झाली. डीबरिंगचं टार्गेट काढून टाकलं, ताईंनी स्वतः सांगितलेला आकडा तिथे लिहिला. व्हीएमसीही लीक टेस्टकडे बघून चालवायला लागलो. क्रेटची रांग उतरायला तीन आठवडे लागले.

मधे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. गावाला गेले होते, आमरस आणि पुरणपोळी. आता घरात गॅस आहे, दोन शेगड्या, पानं फक्त नऊ. आई लाटायला बसली आणि मी तव्यापाशी. पहिल्या तीन पोळ्या झाल्या आणि मग तवा रिकामा राहायला लागला. मनगट धरून ती थांबायची, पुन्हा लाटणं घ्यायची, पोळी तशीच गोल, तशीच पातळ, काठापर्यंत पुरण गेलेलं, पण दोन पोळ्यांच्या मधे तव्यातून धूर निघायला लागायचा. तिच्या ते लक्षात आलं आणि तिने काही न बोलता हात लांब करून गॅस बारीक केला.

"आता पहिल्यासारखं उरकत नाही गं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई, तू इकडे ये, मी लाटते." आम्ही जागा बदलल्या. माझी पहिली पोळी एका बाजूने फाटली, तिने ती तव्यावर घेतली, फाटलेल्या जागी पिठाची चिमूट दाबली, कडेने तूप सोडलं आणि उलटण्याने सांभाळून फिरवली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "दुसरी लाट, हा, आता लाट."